वर्ष पडल्यानंतर

अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाचा निकाल लागला की आमच्या महाविद्यालयात जे पालक येतात, त्यांतले काही कार्यालयाच्या खिडकीशी उभे राहून शुल्काची आणि शिष्यवृत्तीची चौकशी करतात, आणि काही मात्र विभागाच्या दाराबाहेर चप्पल काढून, आत यावे की नाही या विचारात थांबलेले असतात. या दुसऱ्या पालकांना निकाल कळलेला असतो, पण त्याचा अर्थ कळलेला नसतो. ‘दोन विषय राहिलेत, निघतील’ एवढेच मुलाने घरी सांगितलेले असते. मग त्यांना समोर बसवून सांगावे लागते, की पहिल्या वर्षाचा एक विषय अजून शिल्लक आहे, त्यामुळे दुसऱ्या वर्षाचे सगळे विषय सुटले असते तरी तिसऱ्या वर्षाला प्रवेश मिळाला नसता. यंदा वर्ग नाही, हजेरी नाही, वसतिगृहात जागा नाही, मुलाला फक्त राहिलेल्या विषयांचा परीक्षा अर्ज भरता येईल. हे ऐकून घेतल्यावर बहुतेक जण एकच विचारतात : मग वर्षभर याने करायचे काय?

मी मराठवाड्यात स्थापत्य अभियांत्रिकी शिकवते आणि हा प्रश्न दरवर्षी ऐकते. त्याच्या पोटात आणखी एक प्रश्न असतो, जो बाप विचारत नाही पण मुलाच्या चेहऱ्यावर दिसतो : आता पुढच्या शिक्षणाचे काय? ज्याचे एक वर्ष पडले आणि ज्याच्या गुणपत्रकावर पहिल्या दोन वर्षांत चाळीस-पंचेचाळीसचे आकडे आहेत, त्याला एम.टेक. किंवा पीएच.डी.ला कोणी घेते का? घेतात. मी तसे प्रवेश झालेले पाहिले आहेत. परंतु ते कशामुळे होतात याविषयी आमच्याकडे मुलांमध्ये, पालकांमध्ये आणि शिक्षकांमध्येही इतके गैरसमज आहेत, की त्याबद्दल सविस्तर लिहावे असे फार दिवस मनात होते.

आधी ही मुले पडतात कशी, ते पाहावे लागेल. माझ्या वर्गात वर्ष गेलेली जी मुले आली, त्यांतली पुष्कळ दहावी-बारावीला नव्वदच्या घरात होती, आणि हे परगावच्या लोकांना खरे वाटत नाही. लातूर पॅटर्नने या भागातल्या हजारो मुलांना वैद्यकीय आणि अभियांत्रिकीच्या दारापर्यंत नेले, त्याचे मोल मी कमी लेखणार नाही. पण त्या पद्धतीत मुलाचा दिवस दुसऱ्या कुणीतरी आखलेला असतो. सकाळी कोणता धडा, दुपारी कोणती चाचणी, रात्री किती प्रश्नसंच, हे सगळे ठरलेले असते आणि तपासलेलेही असते. तोच मुलगा अभियांत्रिकीला आला की त्याला विचारणारे कोणी राहत नाही. ग्राफिक्सच्या शीटा दुसऱ्याच्या पाहून पूर्ण होतात, सबमिशन कसेबसे होते, टर्मवर्कचे गुण मिळतात, आणि डिसेंबरात एम-वनचा, म्हणजे गणिताच्या पहिल्या विषयाचा, पेपर हातात पडल्यावर त्याला पहिल्यांदा कळते की आपण चार महिन्यांत एकही गणित स्वतः सोडवलेले नाही. यात आळस असतोच, मी तो नाकारत नाही. पण एकट्याने अभ्यास करण्याची सवय त्याला कधी लागलेलीच नसते, आणि ती लागायला लागणारा वेळ आमच्या सत्रांच्या वेळापत्रकात धरलेला नाही.

या मुलांपैकी एकाबद्दल लिहिते. त्याची परवानगी घेतली आहे, नाव मात्र देत नाही. तो औसा तालुक्यातला. २०१४ साली प्रवेश घेतला, पहिल्या वर्षाचा एम-टू राहिला, आणि २०१६ च्या उन्हाळी परीक्षेतही तो निघाला नाही. तो उन्हाळा लातूरकर विसरणार नाहीत. शहरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती आणि १२ एप्रिलला मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली रेल्वे ५ लाख लिटर पाणी घेऊन लातुरात पोहोचली होती. याच्या घरी विहीर कोरडी, जनावरे छावणीत, आणि परीक्षेच्या दोन पेपरांमध्ये हा गावाकडे जाऊन टँकरच्या रांगेत उभा राहायचा. जुलैमध्ये त्याचे वडील माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, ‘मॅडम, लेकरू घरी बसलं तर लोकं रोज इचारतेत, काय करूलालाय म्हणून. काय सांगावं?’

लोक काय विचारतात याचा भार वर्ष पडलेल्या मुलावर गणितापेक्षा जास्त असतो. गावात आणि भावकीत त्या वर्षाला काही आकारच नसतो. माझ्या एका मैत्रिणीची मुलगी अमेरिकेत वाढली. तिथल्या विद्यापीठात पदवीला असताना तिचे गुण सरासरी चारपैकी २.० च्या खाली गेले, तेव्हा आधी तिला ताकीद देऊन एक सत्र देखरेखीखाली ठेवले आणि तरीही सुधारणा झाली नाही म्हणून वर्षभरासाठी निलंबित केले. मैत्रीण नांदेडला माहेरी आली की तिला ते पत्र आठवून रडू यायचे. मी ते पत्र वाचले तेव्हा मला त्यातली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटली. निलंबन कधीपासून कधीपर्यंत, परत येण्यासाठी अर्ज कोणाकडे आणि कोणत्या तारखेच्या आत करायचा, तोवर काय केले असता अर्जाला बळ येईल, हे सगळे त्यात स्वच्छ लिहिलेले होते. शिक्षा कडक होती, पण तिला शेवट होता आणि परतीची वाट कागदावर होती. आमच्या मुलाला असे कोणते पत्र मिळत नाही. पुढच्या वर्षाच्या हजेरीपटावर त्याचे नाव नसते, एवढीच त्याला मिळणारी सूचना. परतीची वाट त्याने स्वतः शोधायची असते, तीही अशा वेळी, जेव्हा तो कोणाला विचारायलाही लाजत असतो.

ती मुलगी पुढे परत गेली, पदवी पूर्ण केली, आणि तिची अखेरची सरासरी ३.० च्या खालीच राहिली. तिथल्या बऱ्याच पदव्युत्तर विभागांना किमान ३.० लागते. तिने मग पदवीसाठी नाव न नोंदवता, सुटे विषय म्हणून पदव्युत्तर पातळीचे काही अभ्यासक्रम पैसे भरून केले, त्यांत उत्तम श्रेणी मिळवल्या आणि त्या गुणपत्रकासह अर्ज केला. अर्जात ‘तुम्हाला कधी निलंबित केले होते का’ असा सरळ प्रश्न होता आणि तिने ‘होय’ लिहून खाली थोडक्यात कारण दिले. तिथे हे लपवले आणि नंतर उघड झाले तर मिळालेला प्रवेशही रद्द होतो. तिला प्रवेश मिळाला. तिचे उदाहरण मी आमच्या मुलांना सांगते ते अमेरिकेच्या कौतुकासाठी नाही. प्रवेश समितीसमोर जुने गुण तसेच राहतात, त्यांच्याशेजारी नवे, तेवढ्याच वजनाचे काहीतरी ठेवावे लागते, हे त्यातून कळते म्हणून सांगते.

औशाच्या मुलाकडे ठेवायला काय होते? जुलै २०१६ मध्ये काहीच नव्हते. आम्ही दोघांनी बसून त्याच्या वर्षाचे दोन भाग केले. दिवाळीपर्यंत एम-टू आणि राहिलेले बाकीचे विषय, आणि हिवाळी परीक्षेनंतर काम. डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानाची कामे त्या वर्षी त्याच्या तालुक्यात जोरात होती. नाला खोलीकरण, रुंदीकरण, सिमेंट नाला बांध, सगळीकडे यंत्रे लागली होती आणि मोजणीला माणसे मिळत नव्हती. एका कंत्राटदाराकडे तो डंपी लेव्हलवर, म्हणजे जमिनीची उंची मोजण्याच्या तलमापन यंत्रावर, कामाला लागला. पहिले काही दिवस नुसता स्टाफ, म्हणजे आकडे असलेली उभी मोजपट्टी, धरून उभा राहिला, मग त्याला वाचने घ्यायला दिली.

त्याचे लेव्हल बुक मी पाहिले आहे. निळ्या पुठ्ठ्याची, कोपरे झिजलेली, आतल्या पानांवर मुरमाची तांबूस धूळ बसलेली वही. प्रत्येक पानावर बॅकसाइट (यंत्र मांडल्यावरचे पहिले वाचन), इंटरमिजिएट (मधली वाचने), फोरसाइट (यंत्र हलवण्याआधीचे शेवटचे वाचन), आर.एल. (त्या जागेची उंची) आणि शेरा असे रकाने, पेन्सिलने भरलेले. मारुतीच्या देवळाच्या पायरीवर घेतलेला बेंचमार्क, म्हणजे उंचीची पक्की खूण, तिथून नाल्याच्या काठाने केलेला प्रवास, आणि पानाच्या तळाशी एक बारीक बेरीज : बॅकसाइटची बेरीज वजा फोरसाइटची बेरीज, आणि शेजारी शेवटची आर.एल. वजा पहिली आर.एल. या दोन्ही वजाबाक्या जुळल्या तर पानावरचा हिशेब बरोबर. वर्गात आम्ही हे शिकवतो आणि मुले पाठ करून लिहितात. त्याच्या वहीत ते प्रत्येक पानावर होते, कोणी तपासणार नसताना होते. पण हिशेब जुळला म्हणून वाचनही बरोबर असेलच असे नाही, हेही त्याला तिथेच कळले होते. मधल्या एका पानावर, देवळाच्या पायरीवर परत येऊन वाचन घेतल्यावर एक सेंटिमीटरचा फरक पडला होता; तिथे त्याने सगळे आकडे एका रेघेने छेदून शेऱ्यात लिहिले होते, ‘स्टाफ कलता होता. पुन्हा घेतले.’ आणि पुढच्या पानावर तोच नाला पुन्हा मोजलेला होता. ज्या मुलाने पहिल्या वर्षाच्या शीटा दुसऱ्याच्या पाहून पूर्ण केल्या होत्या, त्याच मुलाची ही वही होती.

एम-टू हिवाळ्यात निघाला. २०१७ च्या जूनमध्ये तो तिसऱ्या वर्षाला आला, आणि शेवटच्या दोन वर्षांत त्याचे गुण सत्तरच्या आसपास राहिले. चारही वर्षांची गोळाबेरीज मात्र ५८ टक्क्यांवर थांबली. इथे नियम नीट माहीत असावे लागतात, आणि ते माहीत नसल्यामुळे कितीतरी मुले प्रयत्न करण्याआधीच माघार घेतात. एम.टेक.च्या प्रवेशासाठी देशभर होणाऱ्या गेट परीक्षेला बसायला पदवीच्या गुणांची कोणतीही किमान अट नाही. तिसऱ्या वर्षापासून पुढचा कोणताही विद्यार्थी बसू शकतो. ६५ प्रश्न, १०० गुण, तीन तास, आणि मिळालेला स्कोअर निकालापासून तीन वर्षे चालतो. अट येते ती नंतर, संस्थेच्या दाराशी. एनआयटीच्या, म्हणजे केंद्राच्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थांच्या, सामाईक प्रवेशासाठी खुल्या आणि इतर मागास प्रवर्गाला ६० टक्के किंवा ६.५ सीजीपीए (दहाच्या श्रेणीतली सरासरी) लागतो, अनुसूचित जाती-जमातींना ५५ टक्के किंवा ६.०. राज्याच्या एम.टेक. प्रवेशाला ५० टक्के पुरतात, राखीव प्रवर्गाला ४५. म्हणजे ५८ टक्क्यांच्या मुलाला गेटमध्ये कितीही चांगला स्कोअर मिळाला तरी एनआयटीचा फॉर्म भरता येणार नव्हता, आणि राज्यातल्या जुन्या, नावाजलेल्या शासकीय महाविद्यालयांचे दार मात्र त्याच स्कोअरवर उघडत होते. शिवाय गेट उत्तीर्ण होऊन मान्यताप्राप्त संस्थेत एम.टेक.ला प्रवेश घेतला की दरमहा १२,४०० रुपयांची शिष्यवृत्ती असते. ज्या घराने आधीच एक वर्ष वाया गेलेले सोसले आहे, तिथे या रकमेमुळे पुढे शिकायचे की नोकरी शोधायची याचा निर्णय फिरतो.

वेगवेगळी दारे वेगवेगळ्या मापाने मोजतात, हेही मुलांना सांगावे लागते. जर्मनीला जायचे म्हणणाऱ्यांना मी कागदावर गणित करून दाखवते. तिथे १ म्हणजे सर्वोत्तम आणि ४ म्हणजे काठावर पास. आपल्या दहाच्या श्रेणीत ४ ला पास धरले तर ६.० सीजीपीए असलेल्या मुलाचा त्यांच्या सूत्राने आकडा ३.० येतो, आणि ज्या अभ्यासक्रमांना २.५ ची मर्यादा आहे तिथे अर्ज करण्यात अर्थ नसतो. हे अर्जाचे पैसे भरण्याआधी कळलेले बरे. उलट, प्राध्यापक व्हायचे स्वप्न असलेल्या मुलीला मी सांगते की नेटला, म्हणजे प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेला, पदव्युत्तर परीक्षेचे ५५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गाला ५०, बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला किती विषय राहिले होते हे तिथे कोणी विचारत नाही. एक पायरी वर गेले की खालच्या पायरीच्या गुणांचे वजन कमी होते. म्हणून पहिल्या खेपेला सर्वांत मोठ्या नावाचाच हट्ट धरू नये, जिथे नियमाने पाय ठेवता येतो तिथे ठेवावा आणि तिथले गुण चोख मिळवावेत, असे माझे ठाम मत आहे. मोठ्या नावाच्या मागे लागून आणखी दोन वर्षे घालवलेली मुलेही मी पाहिली आहेत.

औशाचा मुलगा २०१९ मध्ये गेट उत्तीर्ण होऊन पुण्यातल्या एका शासकीय संस्थेत जलसंपदा अभियांत्रिकीच्या एम.टेक.ला गेला. तो प्रवेश गुणवत्ता यादीने झाला, त्यात कोणी काही विचारले नाही. विचारणा झाली ती दोन वर्षांनी, पीएच.डी.च्या अर्जाच्या वेळी, आणि त्या अर्जासाठी त्याने लिहिलेले निवेदन त्याने आधी माझ्याकडे पाठवले.

निवेदनाची सव्वा दोन पाने २०१६ च्या दुष्काळावर होती. विहीर, छावणी, टँकर, आईचे दागिने, पाण्याची रेल्वे. त्यातले अक्षर न् अक्षर खरे होते, आणि वाचताना माझेच डोळे भरून आले. तरीही मी त्याला ती पाने काढायला सांगितली. त्याला वाईट वाटले. तो म्हणाला, ‘मॅडम, हे खोटं हाय का?’ मी म्हणाले की खोटे नाही, म्हणूनच एका वाक्यात पुरते. समितीत बसलेल्या माणसाला तुझ्या दुःखाची खात्री पटली तरी त्याला त्यावरून तू संशोधन करू शकशील की नाही हे ठरवता येत नाही, आणि त्याला नेमके तेच ठरवायचे आहे. शिवाय त्याच उन्हाळ्यात त्याच वर्गातली, त्याच तालुक्यातली काही मुले पास झाली होती. सव्वा दोन पाने वाचल्यावर कोणीतरी हा विचार करणार, आणि मग खऱ्या कारणाचीही सबब होऊन बसते. अखेर निवेदनात राहिले ते असे : ‘पहिल्या वर्षाचा गणिताचा एक विषय राहिल्यामुळे माझे २०१६-१७ हे वर्ष गेले. अभ्यासाची माझी पद्धत चुकीची होती, आणि त्या वर्षी घरी दुष्काळाची अडचणही होती. त्या वर्षात मी तो विषय पूर्ण केला आणि नाला खोलीकरणाच्या कामांवर तलमापन केले.’ आणि तिथून पुढे दीड पान फक्त तलमापन, नाले, विहिरी आणि एम.टेक.चा प्रबंध.

थोरामोठ्यांची उदाहरणे मी देत नाही. रामानुजन यांची शिष्यवृत्ती गणितेतर विषयांत नापास झाल्याने गेली होती हे खरे आहे, आणि दर वर्षी कोणता ना कोणता वक्ता येऊन ते मुलांना सांगतो. एम-टू राहिलेल्या मुलाला त्याने दोन दिवस बरे वाटते. तिसऱ्या दिवशी त्याला स्वतःच्या आणि रामानुजन यांच्यामधले अंतर दिसते आणि तो आणखी खचतो. त्याला आपल्याच जिल्ह्यातल्या, आपल्यासारख्याच मुलाने कोणत्या महिन्यात कोणता फॉर्म भरला, हे कळण्याची गरज असते.

शिफारसपत्रांबद्दलही लिहिले पाहिजे, कारण ती आम्ही शिक्षक लिहितो. आमच्याकडची बहुतेक पत्रे एकाच साच्याची असतात : विद्यार्थी हुशार, होतकरू व मनमिळाऊ असून त्याचे वर्तन चांगले आहे, त्याच्या भावी आयुष्यास शुभेच्छा. सरळ गुणपत्रक असलेल्या मुलाचे या पत्राने काही बिघडत नाही. ज्याचे वर्ष पडले आहे त्याचे मात्र नुकसान होते. वाचणाऱ्याला समोर ४२ गुण दिसत असतात आणि पत्र म्हणते हुशार. मग पत्रावरचा विश्वास उडतो आणि त्यात पुढे एखादी खरी गोष्ट असली तरी ती वाया जाते. मी अशा मुलांच्या पत्रात पडलेले वर्ष पहिल्याच परिच्छेदात लिहिते. त्यानंतर मी स्वतः काय पाहिले ते लिहिते : कोणत्या विषयात तो आधी कुठे अडत होता, आता कोणते प्रश्न स्वतः सोडवतो, प्रयोगशाळेत आकडा चुकला तर काय करतो. याच्या पत्रात मी लेव्हल बुकातल्या त्या छेदलेल्या पानाबद्दल लिहिले. पडझड शिक्षकाने स्वतःहून सांगितली की पुढच्या कौतुकाला वजन येते, असा माझा अनुभव आहे.

मुलाखत २०२१ मध्ये, करोनामुळे दूरदृश्य पद्धतीने झाली. घरी नेटवर्क नव्हते, म्हणून त्याने औशात मित्राच्या दुकानाच्या माळ्यावर बसून ती दिली. समितीतल्या एका प्राध्यापकांनी २०१६-१७ चे विचारले. याने निवेदनातलीच तीन वाक्ये सांगितली आणि थांबला. ‘थांबता येणं अवघड होतं,’ असे नंतर फोनवर म्हणाला. मग दुसऱ्यांनी विचारले, की नाला खोल केल्यामुळे विहिरींचे पाणी वाढले हे तू कसे सिद्ध करशील? त्यावर तो बोलला ते मी त्याच्याकडून दोनदा सांगून घेतले, कारण ते उत्तर ऐकण्यासारखे होते. त्याने सांगितले, की त्याच्या तालुक्यात २०१५ ला पाऊस फार कमी होता आणि २०१६ ला चांगला झाला, त्यामुळे त्या वर्षी काम झालेल्या नाल्याकाठच्या विहिरी भरल्या हे कामाचे यश म्हणून सांगता येत नाही, काम न झालेल्या गावांतल्या विहिरीही भरल्या होत्या. पावसाळ्याआधी आणि नंतर दोन्ही प्रकारच्या गावांतल्या विहिरींची पातळी अनेक वर्षे मोजावी लागेल. आणि आपल्याकडे खाली काळा पाषाण आहे, पाणी धरणारा मुरमाचा थर कुठे चार हात, कुठे दहा हात. तो कुठे संपतो हे न पाहता यंत्र लावले की नाला खोल दिसतो पण साठवण वाढेलच असे नाही. हे त्याला कुठल्या पुस्तकाने आधी सांगितले नव्हते. स्टाफ धरून उभा असताना त्याने ते पाहिले होते, पुस्तकात नंतर सापडले. त्याची निवड झाली, आणि त्याचे संशोधन याच प्रश्नावर आहे.

पडलेल्या प्रत्येक वर्षाचे असे होते असे मी म्हणणार नाही. ते वर्ष पुष्कळ मुले पानटपरीवर आणि मोबाइलवर घालवतात, आणि त्यांच्यापुढचे दार खरोखरच लहान होत जाते. काहींसाठी शाखाच चुकलेली असते. माझ्या ओळखीतल्या एका मुलीने बी.एस्सी. दुसऱ्या वर्षात सोडली, घरच्यांनी लग्नाचे पाहायला सुरुवात केली, तेव्हा तिने यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी.ए.ला नाव घातले आणि त्याच काळात गावोगावच्या बचत गटांचे हिशेब लिहिण्याचे काम केले. तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे संकुल १९८६ पासून आहे. आपल्याच भागात, आणि तिथल्या बऱ्याच अभ्यासक्रमांना कोणत्याही शाखेची पदवी चालते, हे आमच्या मुलांना अनेकदा माहीतही नसते. प्रवेश परीक्षा आणि मुलाखत देऊन ती तिथे एम.ए.ला गेली. मुलाखतीत बचत गटातल्या बायका कर्ज कशासाठी घेतात आणि वहीत कशासाठी म्हणून लिहितात, यावर ती अर्धा तास बोलली. तिची अर्धवट सुटलेली बी.एस्सी. अर्जावर होती, कोणी तिच्यावर अडले नाही.

वयाचा बाऊ तर मला मुळीच समजत नाही. हा प्रदेश १९४८ च्या सप्टेंबरात निजामाच्या राजवटीतून सुटला. १९५० मध्ये बाबासाहेबांनी औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय सुरू केले, आणि स्वतःचे विद्यापीठ आम्हाला १९५८ मध्ये मिळाले. तोवर इथली महाविद्यालये हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाशी जोडलेली होती. माझे आजोबा मॅट्रिक झाले तेव्हा माझे वडील शाळेत जात होते. ज्यांच्या घरात शिक्षणच इतक्या उशिरा आले, त्यांनी नातवाच्या एका वर्षाच्या उशिराला घराण्याची अब्रू गेली असे समजू नये, असे मी पालकांना सांगते, आणि आजोबा सोबत आलेले असतील तर त्यांना ते लगेच पटते.

आमच्या व्यवस्थेकडून मला एकच मागायचे आहे, आणि त्याला फारसा खर्च नाही. ज्याचे वर्ष पडले, त्याचे ग्रंथालयाचे कार्ड त्या दिवशी बंद होते. वसतिगृह जाते, प्रयोगशाळा जाते, आणि ज्या एका वर्षात त्याला अभ्यासाला जागा सर्वांत जास्त लागते, त्याच वर्षी त्याला महाविद्यालयाच्या फाटकावर ओळखपत्र विचारले जाते. ते कार्ड चालू राहावे, विभागातल्या एका शिक्षकाने महिन्यातून एकदा त्या मुलांना बोलवावे, आणि परतीची वाट एका कागदावर तारखांसह लिहून द्यावी : पुरवणी परीक्षेचा अर्ज केव्हा, गेटची नोंदणी ऑगस्ट-सप्टेंबरात, परीक्षा फेब्रुवारीत, निकाल मार्चमध्ये, प्रवेश फेऱ्या मेपासून पुढे. आमच्या विभागात हे सुरू झाले आहे. यंदा एका मुलीचे दुसऱ्या वर्षातला एम-थ्री राहिल्यामुळे अंतिम वर्ष लांबले आहे. तिसरे वर्ष झालेले असल्याने तिला गेटला बसता येते आणि स्कोअर तीन वर्षे चालतो, म्हणजे पदवी हातात येईपर्यंत तो जिवंत राहील. तिला वाचनालयाचे कार्ड मिळाले, काँक्रीटचे ठोकळे सात आणि अठ्ठावीस दिवसांनी फोडून नोंदी ठेवण्याचे काम ती प्रयोगशाळेत करते, आणि पाण्याची गुणवत्ता हा तिच्या आवडीचा विषय आहे. त्यामुळे तिने गेटला स्थापत्यचा पेपर घ्यावा की पर्यावरण अभियांत्रिकीचा, यावर आमचे अजून एकमत झालेले नाही, आणि नोंदणी पुढच्या महिन्यात सुरू होते आहे.